त्र्याहत्तरावा चौकोन

“त्या इंग्रजीवाल्या बाईंनाच इचारू की. त्यांना समदं वाचता येतं.”

मथुराचे मामा अण्णांना म्हणत होते. मी फाटकाशी होते, कडीवर हात ठेवून, आणि मेंदीच्या कुंपणामुळे त्या दोघांना दिसत नव्हते. अण्णा म्हणजे मथुराचे वडील. दोघे मिरजगावहून सकाळच्या एस.टी.ने आले होते आणि आमच्या ओट्यावर टोप्या मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या काखेत कागदाचे दोन गठ्ठे होते. रुंद कागद, घडीवर घडी घातलेला, दोन्ही कडांना भोकांची रांग. वरचा पातळ गठ्ठा माझा, खालचा जाड मथुराचा. कॉलेजपासून घर वीस मिनिटांवर होतं आणि त्या वीस मिनिटांत मी खालचा गठ्ठा वाचून काढला होता. अण्णा काय विचारणार हे मला ठाऊक होतं. काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं नव्हतं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

मथुरा आमच्याकडे राहायला आली ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. पप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते, अण्णांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिथं झालं तेव्हाची ओळख. वसतिगृहात जागा मिळेना, म्हणून अण्णा एक दिवस बाजरीचं पोतं आणि मुलगी घेऊन दारात उभे राहिले. ख्रिस्ती घरात मुलगी ठेवायची तर तिनं आपलं आपण शिजवून खायचं, एवढी एकच अट त्यांनी घातली, तीही फार अवघडून. आईनं वाईट वाटून घेतलं नाही. मागच्या पडवीत तिनं मथुराला एक स्टोव्ह, एक तवा आणि दोन पातेली मांडून दिली. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या जायला लागायच्या आणि भिंतीवरच्या कपबशा किणकिणायच्या. मी या आवाजांनी जागी होई. दोन-अडीच महिन्यांनी मथुराला ताप आला, आईनं तिला आपल्या हातची पेज भरवली, आणि त्यानंतर स्टोव्ह राहिला पण अट राहिली नाही. हिवाळ्यात ती हुलग्याची शेंगोळी करायची, लसणाचा ठसका घरभर. पप्पा ताटावर बसत आणि म्हणत, “मथुराबाई, आता आमच्याच मुलीला शिकवा. तिला चहासुद्धा इंग्रजीत करता येतो फक्त.”

ते खरंच होतं. मी पुण्याला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये वाढले होते. इंग्रजी पुस्तकं वाचायची, मराठीत अडखळायची, आणि दोन्ही भाषांत गप्प बसायची. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नसे. मथुराचं उलट. तिला इंग्रजी वाक्य दोनदा वाचावं लागे, पण कळलं की ती बाकावरूनच ओरडायची, “सर, हे आसं न्हाई का?” आणि ते तसंच असे.

आमचे गणिताचे सर दोन वर्षं युरोपात राहून आले होते. तिकडून त्यांनी एका नव्या संगणकभाषेची पुस्तिका आणली होती, सायक्लोस्टाइल केलेली, फिकट जांभळ्या अक्षरांची. नगरमध्ये तेव्हा संगणक कुणी पाहिलेलाही नव्हता. मुंबईत सरांचे एक मित्र एका मोठ्या यंत्रावर काम करत. आम्ही सहा विद्यार्थी चौकटीच्या कागदावर, एका चौकोनात एक अक्षर असा प्रोग्रॅम लिहायचो. कागद शनिवारच्या गाडीनं मुंबईला जात. तिथं कुणीतरी प्रत्येक ओळीचं एक कार्ड भोकं पाडून पंच करी, यंत्र ती कार्डं वाची, आणि दोन आठवड्यांनी छापील कागदाचा गठ्ठा परत येई. त्यात आपलाच प्रोग्रॅम ओळीनं छापलेला आणि खाली यंत्रानं काढलेल्या चुका, इंग्रजीत. प्रोग्रॅम चालणं लांबच, आधी यंत्राला तो कळायला हवा. एक चिन्ह राहिलं की दोन आठवडे गेले. आज माझा भाचा पडद्यावर चूक दिसली की क्षणात पुसतो आणि तरी चिडतो.

त्या भाषेची गंमत अशी होती की तिच्यात आधी एखादी जात कशी असते ते लिहायचं, त्याला क्लास म्हणायचं, आणि मग त्या क्लासपासून हव्या तितक्या वस्तू घडवायच्या. पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य मला वाचता येत होतं, मराठीत सांगता येत होतं, आणि त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता. मी ते मथुराला पडवीत वाचून दाखवत होते. ती पीठ मळत होती. तिनं हात थांबवले.

“म्हंजे नळावरची रांग,” ती म्हणाली.

“कसली रांग?”

“आगं, नळावर चाळीस बाया हाईत. परत्येकीची घागर येगळी, नंबर येगळा. पन बाई कशी आसती ते चाळीस येळा सांगायचं व्हय? एकदाच सांगायचं. घागर आसती, नंबर आसतो, पानी आलं की फुडं सरायचं. हा झाला तुजा क्लास. मग तुजी आई, मी, ती भांडकुदळ शेवंता, ही समदी त्येच्यातनं काढायची.”

“आणि शेवंता मधे घुसते ते?”

“त्ये शेवंताच्या क्लासात. तीबी बाईच, फकस्त तिला एक वळ जास्ती लिवायची.” आणि ती पिठाच्या हातानं तोंड झाकून हसायला लागली.

मला त्या दिवशी ते समजलं. पुढं आयुष्यभर मी हेच काम केलं, तरुण मुलांना शिकवलंसुद्धा, आणि प्रत्येक वेळी नळाचंच उदाहरण दिलं. ते कुणाचं हे सांगितलं नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी मिळे, त्याच्या भाकरीला चिकटपणा नसे आणि मथुरा तिला “रुसलेली भाकर” म्हणे. तिच्या गावाला टँकर येई. म्हणून तिचा प्रोग्रॅम टँकरचा. टँकर हा एक क्लास, बाई हा एक क्लास. किती टँकर आले तर शेवटच्या बाईला किती वेळ थांबावं लागेल, हे यंत्रानं काढायचं. नावंही तिनं मराठीच ठेवली, बाई, घागर, रांग, इंग्रजी अक्षरांत. माझा प्रोग्रॅम दवाखान्याच्या औषधखिडकीचा होता, नीटनेटका आणि थोडा मुर्दाड. गठ्ठे आले की आम्ही पडवीत पसरून बसायचो. “बघ, आज किती बोलनी बसली,” ती म्हणायची. मी यंत्राची बोलणी मराठीत सांगायची आणि ती चूक शोधायची. तिच्याशिवाय मला चूक सहजी सापडत नसे. माझ्याशिवाय तिला यंत्र काय म्हणतंय ते नीट कळत नसे. असं तीन-चार वेळा झालं. बाकीचे चौघे कंटाळून गळाले होते.

मग सरांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की मुंबईला त्यांच्या मित्राकडे एका मुलीला वर्षभर शिकायला घेतील, राहण्याची सोयही होईल. जागा एकच. आता दोन खेपा उरल्या होत्या, त्यांत जिचा प्रोग्रॅम चालेल तिनं जायचं. बाहेर पडल्यावर मथुरा म्हणाली, “तू जाशील नायतर मी जाईन. घरातलंच हाय.” मी मान हलवली. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, मथुरालाही नाही. सांगण्याची मला सवयच नव्हती.

त्याच सुमारास तिच्या मामांनी करमाळ्याकडचं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि दुष्काळाचं साल म्हणून पन्नास माणसांत लग्न उरकायला दोन्हीकडचे राजी. मामा म्हणत, असा मोका पुन्हा नाही. अण्णांना मुलीला शिकवायचं होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. येऊन मथुराला सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्या खेपंला त्या मशिनीनं तुजं काम पत्करलं, नायतर पत्करन्यासारखं हाय आसं म्हनली, तर मी सोयरिकीला न्हाई म्हनून सांगतो. न्हाई तर तू माजं ऐकायचं.” मथुरानं होकार दिला. तिला आपल्या टँकरबद्दल खात्री होती.

त्या खेपेचे गठ्ठे सरांनी माझ्या हातात ठेवले तेव्हा ते माझ्या चेहऱ्याकडे बघायला थांबले नाहीत, त्यांचा तास होता. माझ्या गठ्ठ्यात शेवटी लिहिलं होतं: सहा चुका. मथुराच्या: त्रेचाळीस.

मी रस्त्याच्या कडेनं चालत तिचा गठ्ठा उलगडला. पहिल्या चुकीनंतर सगळ्या एकाच तऱ्हेच्या होत्या. जिथं जिथं टँकर आला तिथं यंत्र म्हणत होतं, हा कोण, मला माहीत नाही. पण टँकरचा क्लास तर तिनं लिहिला होता, वर छापलेलाही होता. मग मी त्याच्या आधीची ओळ पाहिली. ओळ कागदाच्या टोकापर्यंत गेली होती. मथुरा कागद वाया घालवायची नाही. शाळेत असताना ती एकच वही आधी पेन्सिलीनं आणि मग त्यावरून शाईनं लिहायची, समासासकट. चौकटीच्या कागदावर एका ओळीत ऐंशी चौकोन होते आणि ते कागद सर मोजून देत, म्हणून या खेपेला तिनं बाईचा सगळा क्लास एकाच ओळीत कोंबून बसवला होता. क्लास संपला हे सांगणाऱ्या ‘एंड’ची तीन इंग्रजी अक्षरं सत्तर, एकाहत्तर आणि बहात्तर या चौकोनांत. त्यानंतरचा अर्धविराम त्र्याहत्तराव्यात.

यंत्र बहात्तर चौकोनांपर्यंतच वाचतं. उरलेले आठ कार्डांचे क्रमांक घालायला असतात. ते कागदावर छापून येतात, पण यंत्राच्या लेखी ते नसतातच. आणि ‘एंड’नंतर अर्धविराम नसला तर पुढचा मजकूर यंत्र कुणीतरी केलेला शेरा समजून सोडून देतं. पुढचा मजकूर होता टँकरच्या क्लासची पहिली ओळ. म्हणून टँकर गेला, आणि टँकर गेला म्हणून त्रेचाळीस वेळा बोलणी. तो अर्धविराम खालच्या ओळीवर घेतला असता तर सगळ्याच्या सगळ्या त्रेचाळीस निघून गेल्या असत्या. बाकी प्रोग्रॅममध्ये एकही चूक नव्हती. बहात्तर चौकोनांचा नियम पुस्तिकेत अगदी सुरुवातीला होता. तो मी वाचला होता आणि तेव्हा महत्त्वाचा न वाटल्यामुळे मथुराला सांगितला नव्हता. इथवर माझा नुसता हलगर्जीपणा होता. इथून पुढचं तसं नाही.

मी फाटक उघडून आत गेले. मथुरा नळावर गेली होती. आई आत चहा करत होती. अण्णा उठून उभे राहिले. माझ्यासारख्या मुलीसाठी त्यांच्या वयाच्या माणसानं उठावं याची मला लाज वाटली.

“आलं का वं बाई, मशिनीचं?”

“हो.”

“किती चुका काढल्या?”

कागद माझ्या हातात होता. आकडा छापलेला होता.

“त्रेचाळीस,” मी म्हटलं.

मामांनी मांडीवर थाप मारली. “तिरचाळीस! आवं आमचा खोंडबी नांगराला जुपल्यावर येवढ्या येळा चुकत न्हाई.”

“तू गप रं,” अण्णा म्हणाले. मग मला, हळू आवाजात, “समद्या मोठ्या हाईत का? का बारीकसारीक? येक-दोन आसत्या तर मी थांबलो आस्तो बाई. तुमी शिकलेल्या. तुमी सांगाल ते मी धरनार.”

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं आणि मी त्यात उभी होते. मी म्हणाले, “आता एकच खेप राहिलीय. इतक्या चुका तेवढ्यात निघणं अवघड आहे.”

मी खोटं बोलले ते एवढंच. एक वाक्य. मी ते मराठीत बोलले आणि एकदाही अडखळले नाही.

मथुरा आली तेव्हा तिच्या डोक्यावर आईची मोठी घागर होती आणि काखेत कळशी. मामांनी तिला आकडा सांगितला. ती घागर उतरवायची विसरली. पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं, त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल, आणि आईनं धावत येऊन घागर उतरवून घेतली. मथुरानं पदराला हात पुसले आणि ओट्यावरच गठ्ठा पसरला. बराच वेळ ती बघत होती. तिचं बोट बरोबर त्याच ओळीवर थांबलं. तिला इंग्रजी येवो न येवो, जागा सापडलीच होती.

“हितंच कायतरी हाय,” ती म्हणाली. “टँकर दिसंना त्येला. पन हितं तर अर्धविराम हाय की. एस्तर, हाय ना गं?”

तिनं वर माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. ती फक्त विचारत होती, रोज पडवीत विचारायची तसं.

“आहे,” मी म्हणाले. “दिसतोय खरा.”

“मग?”

“मलाही कळत नाही.”

हे दुसरं खोटं. आधी मी एकच म्हटलं, पण लिहिता लिहिता हे आठवलं.

मथुरा आता नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली. हे प्रकरण लिहिण्यासाठी मी तिच्या जाण्याची वाट पाहिली, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. ती दुःखात गेली असं नव्हे. तिचं घर चांगलं होतं, मुलं शिकली, गावच्या दूध संस्थेचं सगळं काम ती बघायची आणि तिच्या शब्दाला मान होता. मला हे सगळं तिच्या पत्रांतून कळत असे. पत्रं कडेपर्यंत लिहिलेली असत, समास नाही, शेवटची ओळ कोपऱ्यात वळवून उभी लिहिलेली. मी त्यांना उत्तरं देई. जे लिहायला हवं होतं ते सोडून सगळं लिही.

त्या दुपारी तिनं सामान बांधलं. दोन पातळं, वह्या, तवा. स्टोव्ह आईचा, तो राहू दिला. आईनं रडत रडत तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. जाता जाता मथुरा माझ्या गठ्ठ्यापाशी थांबली. माझ्या सहा चुकांपैकी पाच मी शोधल्या होत्या. सहावी सापडत नव्हती. तिनं उभ्याउभ्या वाकून ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. आकडा ठिवायची खून येगळी, वस्तूकडं बोट दाखवायची येगळी. तू हितं आकड्याची घातलीस. बदल ती. आता चालंल तुजं.” मग म्हणाली, “मुंबईला ग्येलीस की आदी समुद्र बघ. मला लिही, पानी खरंच येवढं आसतं का ते.”

अण्णा फाटकाशी उभे होते. एस.टी.ला अजून तासभर होता. तो तासभर मी घरातच होते, एस.टी. स्टँड चालत दहा मिनिटांवर. शनिवारी मी ती खूण बदलून कागद पाठवले.

लग्न तीन आठवड्यांत झालं. आम्ही तिघंही मिरजगावला गेलो. मोजून पन्नास माणसं, बुंदीऐवजी गूळ घातलेली लापशी, आणि वऱ्हाडासाठी खास मागवलेला एक टँकर लिंबाखाली उभा होता. बायका घागरी घेऊन रांगेत होत्या आणि पिवळ्या पातळातली मथुरा मांडवातून त्या रांगेकडे बघत होती. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मी टाकलेल्या अक्षता तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत. जेवणं झाल्यावर अण्णा मला शोधत आले. त्यांनी हात जोडले.

“बाई, तुमी खरं सांगितलंत त्ये बरं केलंत. माजं मन लई वढत व्हतं तिला धाडायला. उगं पोरीचं साल ग्येलं आस्तं.”

मी खाली पाहिलं. लाजाळू मुलीला खाली पाहिल्याबद्दल कुणी कारण विचारत नाही, ही सोय मी जन्मभर वापरली.

आम्ही संध्याकाळी परतलो. घरी सरांची चिठ्ठी फाटकात खोचलेली होती: प्रोग्रॅम चालला, एकही चूक नाही, मुंबईला निघायच्या तयारीला लाग. पप्पांनी ती मोठ्यानं वाचली, मला जवळ घेतलं आणि प्रार्थना करायला आत गेले. आई पडवीत गेली. मी तिच्या मागे गेले. तिनं मथुराचा स्टोव्ह उचलला, बुडाची काजळी पदरानं पुसली, आणि तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच हातात धरून उभी राहिली. कोपऱ्यात बाजरीच्या पिठाचा डबा होता, त्यावर अजून तिच्या बोटांचे ठसे होते.

“मला तर मथुराच जाईल असं वाटायचं,” आई म्हणाली. “किती हुशार पोर. पण देवाच्या मनात तुझं होतं. तुझ्या सहाच चुका आणि तिच्या त्रेचाळीस. बिचारीला जमलं नाही गं ते.”

आत पप्पा माझं नाव घेऊन देवाचे आभार मानत होते. स्टोव्हमधलं उरलेलं रॉकेल हलल्याचा आवाज आला. मी आईच्या हातातून तो घेतला आणि होता त्याच जागी खाली ठेवला.

“माझ्या सहा होत्या, आई,” मी म्हणाले. “तिची एकच होती. मला ती दिसली होती.”